माळावरचा स्विच

युसूफ वडगावच्या माळावरचा टॉवर बंद पडला की पहिला फोन ईश्वरीला यायचा. केजात बसस्टँडमागच्या गल्लीत केदारनाथचं इंटरनेटचं दुकान होतं. वायरी, शिड्या आणि गावं केदारनाथ सांभाळायचा. फोन आणि फोनवरची बोलणी त्याची बायको ईश्वरी. ती कुणाचं बोलणं मनाला लावून घेत नसे. "माणूस निघालाय," एवढं सांगायची आणि नवऱ्याकडं मान वळवून म्हणायची, "माळ गेला."

त्या उन्हाळ्यात माळ सारखा जायला लागला.

टॉवर म्हणजे तीन पायांचा लोखंडी सांगाडा. वर नेट हवेतून फेकणारे चार रेडिओ, चार गावांकडं तोंड करून बसवलेले. खाली पत्र्याची पेटी, पेटीत इन्व्हर्टर, बॅटरी आणि एक स्विच, म्हणजे नेटच्या केबली खोचायची डबी. सगळा खेळ या स्विचवर होता. वरच्या रेडिओंना नेट त्याच्यातूनच जायचं आणि वीजही त्याच्यातूनच, एकाच केबलमधून दोन्ही. त्यामुळं टॉवरवर विजेची वेगळी वायर चढवावी लागत नसे. सोय चांगली होती, पण स्विच गेला की चारही गावांचं नेट एकदम जायचं.

पहिल्यांदा गेला तेव्हा केदारनाथनं बजरंगला पाठवलं. दुकान उघडल्यापासून बजरंग त्याच्याकडं होता. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा, हाताला सफाई असलेला माणूस. वायरीचा जोड मारायचा तर आधी तांब्याची टोपी दाबून बसवायचा, वर रबरी नळी चढवायचा आणि तिच्यावर पिवळ्या टेपचे दोन वेढे द्यायचा. दोनच, कमी नाही, जास्त नाही. दुसऱ्या कुणी मारलेला जोड आणि बजरंगचा जोड केदारनाथ लांबून ओळखायचा.

बजरंगनं माळावरून फोन केला. "आप्पा, स्विचचा दिवा लागतोय, पण दोन पोर्ट मेलेत. नेट दिसतंय, वीजच वर जाईना."

"दुसऱ्या पोर्टात घाल."

बजरंगनं केबली दुसऱ्या पोर्टात घातल्या आणि टॉवर चालू झाला. आठवडाभरात तेही पोर्ट गेले. मग नवा स्विच बसवला. तोही गेला.

केदारनाथ या धंद्यात मुरलेला होता. स्विच जळण्याची जी म्हणून कारणं त्याला ठाऊक होती ती त्यानं एकेक करून तपासली. माळावर लाइटीचा दाब कमीजास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर बसवला. वरच्या कनेक्टरात दव उतरत असेल म्हणून बजरंगनं चारही केबली काढून नव्या ओढल्या. मग सर्ज प्रोटेक्टर आणला. वीज चमकली किंवा दाब उसळला तर तो जमिनीत सोडून देणारी ही डबी. स्विच ज्यानं विकला त्याच्याशी फोनवर भांडण झालं, त्यानं मुकाट दुसऱ्या बनावटीचा स्विच दिला. प्रत्येक इलाजानंतर टॉवर काही दिवस चालायचा आणि सगळ्यांना वाटायचं की दुखणं सापडलं.

चार गावांतली माणसं किती दिवस थांबणार? एकेक करून ती धुळाजीकडं जायला लागली.

धुळाजी युसूफ वडगावचा. त्याचंही छोटं नेटवर्क होतं, खांबावरून केबल ओढून दिलेलं, आता माळापलीकडच्या गावांपर्यंत पोचलेलं. केदारनाथपेक्षा तो बारा-पंधरा वर्षांनी मोठा. गावोगाव टीव्हीची केबल ओढायचे दिवस होते तेव्हा केदारनाथ त्याच्या हाताखाली खांबावर चढायला शिकला होता. पुढं दोघांचे धंदे वेगळे झाले, पण वाद न होता. धुळाजीनं गाव धरलं, केदारनाथनं माळ आणि माळापलीकडची गावं. रस्त्यात भेटले की गाडी थांबवून बोलायचे.

आता केदारनाथच्या मनात एक गोष्ट घर करायला लागली. माळावरचा टॉवर तुळजाबाई नावाच्या एका शेतकरी बाईच्या रानात होता. तिच्याच शेजारच्या वस्तीवर दोनदा धुळाजीची जीप दिसली होती, आणि दोन्ही खेपेला त्याच संध्याकाळी स्विच गेला होता. हे त्याला बजरंगनंच सांगितलं होतं, सहज, बोलता बोलता. केदारनाथनं आधी ते उडवून लावलं. मग तिसरं गिऱ्हाईक धुळाजीकडं गेलं, आणि संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते स्वतःच्या पायानं उतरत नाही.

बाजारच्या दिवशी केजात राधाकिशनच्या हॉटेलात धुळाजी चहा पीत बसला होता. बाकड्यावर ओळखीची चार माणसं होती. केदारनाथ आत शिरला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "दादा, माळावर काय काम काढलं होतं परवा?"

धुळाजीनं कप खाली ठेवला. "बहिणीकडं गेलतो. कावून?"

"तुमी तिथून गेलात आन माझा स्विच गेला. मागच्या बारीलाबी असंच झालं."

"मंग?"

"मंग काय. गिऱ्हाइकं पाहिजे असतील तर सरळ मागून घ्या. माझ्या पेटीत हात घालू नका."

राधाकिशननं भांड्यातलं दूध ढवळायचं थांबवलं. धुळाजी रागावेल, उठून अंगावर येईल असं केदारनाथला वाटलं होतं. तशी त्यानं तयारीही ठेवली होती. पण धुळाजी नुसता त्याच्याकडं बघत राहिला.

"पेटीत हात घालायला मीच शिकवलं तुला," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्याच्या पेटीत घालायचा न्हाई, तेबी शिकवलं होतं."

तो उठला, टोपी नीट केली आणि बाहेर गेला. कपात चहा अर्धा तसाच होता.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वडगावात पोचली. केदारनाथला आपण बोललो ते बरं केलं असं वाटत होतं. ईश्वरीला त्यानं सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. "पुरावा काय हाय तुमच्याजवळ?" एवढंच विचारलं.

"मिळंल," केदारनाथ म्हणाला.

पुरावा मिळावा म्हणून त्यानं टॉवरच्या पेटीवर कॅमेरा लावला. पेटीला नवं कुलूप घातलं. कॅमेऱ्याला वीज त्याच स्विचमधून दिली, कारण दुसरीकडून द्यायला तिथं काही नव्हतंच. काही दिवस कॅमेरा माळ दाखवत राहिला. केदारनाथ दुकानात बसून मोबाइलवर बघायचा: ऊन, वाऱ्यानं हलणारा भुईमूग, टॉवरच्या पायाशी बांधलेली एक शेळी.

मग एका संध्याकाळी कॅमेरा विझला आणि ईश्वरीचा फोन वाजायला लागला.

केदारनाथनं रेकॉर्डिंग मागं नेलं आणि शेवटचा तासभर दोनदा पाहिला. पेटीजवळ कुणीही आलं नव्हतं. तुळजाबाई तेवढी एकदा आली, शेळी ओरडत होती ती सोडून लांब बाभळीला नेऊन बांधली आणि चित्रातून निघून गेली. त्यानंतर रिकामा माळ, खाली उतरत चाललेला उजेड, आणि काही नाही. कुलूप तसंच होतं. स्विच मात्र मेला होता.

"आता?" ईश्वरी म्हणाली.

"केबल कुणी मधेच तोडली आसंल."

"केबल तोडली तर स्विच कशाला जळंल?"

केदारनाथ मोबाइल उलटा ठेवून बसला. ईश्वरीच पुन्हा बोलली. "एक सांगू का? मला माळाचे फोन येतात ते दिवेलागणीनंतरच. दुपारी एकदाबी माळ गेलेला मला आठवत न्हाई. सकाळी उठून बघावं तर गेलेला, न्हाईतर संध्याकाळी. लाइट तर दिवसाबी कमीजास्त होती. धुळाजीदादांची जीपबी दिवसाच दिसलीती ना?"

केदारनाथनं तिच्याकडं पाहिलं. एवढे दिवस तो स्विच काय करतो ते बघत होता. कधी करतो ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बजरंग नव्हता. तेलगावला मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. केदारनाथ एकटाच नवा स्विच घेऊन ऊन कलल्यावर माळावर गेला. पेटी उघडली, जळका काढला, नवा लावला. चारही रेडिओ जागे झाले. मग त्यानं पेटी मिटली नाही. तिथंच दगडावर बसून राहिला.

तुळजाबाई रानातच राहायची. नवरा वारलेला, मुलगी सायली लातूरला नर्सिंग शिकत होती. माळाचा वरचा तुकडा तिनं टॉवरला दिला तो मुख्य करून सायलीशी संध्याकाळी बोलता यावं, तिचं तोंड दिसावं म्हणून. टॉवर बंद पडला की तिचंही बोलणं बंद पडायचं, म्हणून तिच्यावर कुणी संशय घेतला नव्हता. तिनं केदारनाथला पाणी आणून दिलं.

"आज बसलाव निवांत," ती म्हणाली.

"बसतो. संध्याकाळी काय होतंय बघतो."

"काय होतंय? काहीच होत न्हाई हिथं. डुकरं येतेत तेवढी. आता तीबी येत न्हाईत."

ऊन उतरलं. केदारनाथ हौदावर गेला, हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. बूट दगडापाशीच राहिले होते. अनवाणी, ओल्या पायानं तो परत आला. तोवर तुळजाबाईनं रानाच्या कडेच्या खांबावरल्या लहान पेटीचं बटण दाबलं होतं. पिकाभोवतीच्या तारेत झटका सोडणारं ते मशीन. डुकरं, रोही आत येऊ नयेत म्हणून आता सगळीकडं बसवतात तसं. वर सोलरची पाटी होती, खाली लाल दिवा, आणि आतून बारीक टक टक आवाज यायला लागला.

केदारनाथनं दगडावर बसण्यासाठी टॉवरचा पाय धरला आणि हात मागं घेतला.

जोराचा नव्हता झटका. कुणी कोपरावर टिचकी मारावी तसा काहीतरी अंगातून सरकून गेला. त्यानं तळहात पाहिला. मग हाताची पाठ हलकेच लोखंडाला लावली. क्षणभर काही झालं नाही, मग पुन्हा टिचकी बसली. पुन्हा थांबला, पुन्हा बसली. त्यानं मान वळवून खांबावरच्या लाल दिव्याकडं पाहिलं. दिवा लागत होता त्याच ठेक्यावर टॉवर झटका देत होता.

"मावशी, मशीन बंद करा जरा."

तिनं बंद केलं. टॉवर गप्प झाला. चालू करायला सांगितलं. टॉवर पुन्हा झटके द्यायला लागला.

"शेळी म्हणून ओरडती का हिथं?" केदारनाथनं विचारलं.

"संध्याकाळची लई ओरडती. म्हणून तिकडं बांधती तिला. मला वाटलं लांडगा-बिंडगा दिसत आसंल."

मशीनमधून दोन वायरी निघाल्या होत्या. एक कुंपणाच्या तारेला गेली होती. दुसरी खांबावरून खाली उतरून जमिनीत गेली होती, वर दगड लावलेले. केदारनाथनं वाकून एकेक दगड बाजूला केला. वायर सरळ टॉवरकडं येत होती. टॉवरच्या पायाशी अर्थिंगची पट्टी जमिनीतून वर आली होती, त्या पट्टीला वायर जोडली होती. तांब्याची टोपी दाबून बसवलेली, वर रबरी नळी, नळीवर पिवळ्या टेपचे दोन वेढे.

केदारनाथनं वेढ्यांवर बोट ठेवलं.

"मावशी, ही वायर कुणी जोडली?" उत्तर समोर दिसत असूनही त्यानं विचारलं.

"बजरंगनं की. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. लई चांगला माणूस. मशीन आणलं, पण तारंला झटकाच बसंना. डुकरं अंगानं ढकलून आत यायची. मशीनवाला म्हणला व्हता, अर्थिंगची सळई खोल ठोका. पण हिथं मुरूम, सळई हातभरबी आत जाईना. मंग बजरंग म्हणला, टॉवरची अर्थिंग चांगली खोल हाय, तिलाच जोडून देतो. तवापून एक डुक्कर आलं न्हाई."

"मला कुणी बोललं न्हाई."

"तुमी इचारलं कुठं, आप्पा? तुमी येता, पेटी उघडता, निघून जाता."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. झालं होतं ते तसंच झालं होतं.

केदारनाथला आता सगळं दिसत होतं. कुंपणाचा झटका तारेतून जातो, डुकराच्या अंगातून नाहीतर तारेला टेकलेल्या गवतातून जमिनीत उतरतो आणि अर्थिंगच्या वायरीनं मशीनकडं परत येतो. ती परतीची वाट टॉवरवरून घातली गेली होती. रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत, मशीनच्या प्रत्येक ठोक्याला सगळा सांगाडा, वरचे रेडिओ, केबलींचं धातूचं वेष्टण असं सगळं एकदम उसळत होतं. पेटीत येणारी लाइट मात्र गावातल्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरून, दुसऱ्याच जमिनीशी बांधलेली. टॉवर एकीकडं ओढत होता, लाइट दुसरीकडं, आणि मधे स्विच. चढत्या उन्हात माळाची जमीन वाळत गेली तशी ओढ वाढत गेली. सर्ज प्रोटेक्टरही त्याच पट्टीला जोडलेला होता. राखणीला म्हणून बसवला, त्यानंच झटक्याला आत यायला दार दिलं.

पण हे सगळं कळलं तरी स्विचचा विचार त्याच्या मनात फार टिकला नाही. त्याला राधाकिशनच्या हॉटेलातलं बाकडं दिसत होतं.

त्यानं पकड घेतली आणि वायर पट्टीपासून तोडली.

"मंग माझ्या तारेला झटका?" तुळजाबाईनं विचारलं.

"उद्या दुसरी अर्थिंग करून देतो. आजच्या दिवस कळ काढा."

"आज डुकरं आली तर?"

चार गावांचं नेट एकीकडं होतं आणि एका बाईचा भुईमूग दुसरीकडं. त्यानं जे केलं ते केलं आणि निघाला.

डुकरं आली. सकाळी बजरंगला घेऊन तो माळावर पोचला तेव्हा तुळजाबाई बांधावर उभी होती. खालच्या अंगाचा पट्टा उकरलेला होता. वेल उलथे पडले होते, शेंगा चावून टाकलेल्या. तिनं नुसतं हातानं दाखवलं, आणि हात खाली केला.

बजरंगला केदारनाथनं वाटेत काही सांगितलं नव्हतं. तेलगावहून तो तसाच आला होता, कानाच्या मागं हळद राहिलेली. टॉवरच्या पायाशी तुटलेलं वायरीचं टोक पडलं होतं ते त्यानं उचललं आणि पिवळ्या टेपवरून अंगठा फिरवला.

"ही मी जोडलीती," तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"काय झालं हिला?"

केदारनाथनं सांगितलं. ओल्या पायानं टॉवर धरला तिथपासून सगळं. बजरंग ऐकत राहिला. मधे एकदा त्यानं खांबावरल्या मशीनकडं पाहिलं आणि एकदा पेटीकडं. त्याला काम कळत होतं, म्हणून फार समजावून सांगावं लागलं नाही. अर्ध्यातच त्याला कळलं होतं. उरलेलं तो नुसता उभ्यानं सोसत होता.

"म्हंजी सगळे स्विच माझ्यापायी गेले."

"अर्थिंगपायी गेले. तू भल्यासाठी केलं."

"तुमाला इचारायला पाहिजे होतं."

"मीबी बघायला पाहिजे होतं. इतक्यांदा आलो, अर्थिंगची पट्टी वाकून बघितली न्हाई. खोल केलीय म्हणून खात्री धरून बसलो."

बजरंगनं वायरीचं टोक खाली ठेवलं. "आन धुळाजीदादा?"

केदारनाथनं घण उचलला आणि हौदाकडं चालायला लागला.

रानाच्या दुसऱ्या टोकाला हौद होता. त्याच्या पाठीमागं सांडपाणी झिरपून जमीन कायम ओली राहायची. आळू उगवलं होतं तिथं. माळावर सळई जात नव्हती, इथं मुरूम भिजून मऊ पडला होता. दोघांनी आळीपाळीनं घण मारून सळया उतरवल्या, मीठ आणि कोळसा घालून वरून पाणी सोडलं, आणि मशीनपासून तिथपर्यंत बांधाच्या कडेनं वायर नेली. टॉवरपासून होईल तितकी लांब. कुंपणाच्या खालच्या तारेला लागलेलं गवत तुळजाबाईनं विळ्यानं कापून काढलं. हे होईपर्यंत दुपार झाली. मशीन चालू करून बजरंगनं गवताची काडी तारेला टेकवून पाहिली. झटका होता. केदारनाथनं अनवाणी होऊन, पाय ओले करून टॉवर धरला. टॉवर उन्हानं तापलेला, पण निर्जीव लोखंड होता.

"आप्पा, मला वडगावात जरा काम हाय," बजरंग म्हणाला. "तुमी व्हा पुढं. मी येतो काळी-पिवळी जीपनं."

केदारनाथनं विचारलं नाही. मोटारसायकल घेऊन तो केजला आला. संध्याकाळी टॉवर चालू राहिला. रात्रीही राहिला. ईश्वरीचा फोन वाजला नाही, आणि न वाजणाऱ्या फोनकडं केदारनाथ पुन्हा पुन्हा बघत होता.

"कवा जाणार?" ईश्वरीनं विचारलं.

"कुठं?"

ईश्वरीनं फोन चार्जिंगला लावला आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुळाजीच्या घरी गेला. धुळाजी गच्चीवर होता. केबलच्या वेटोळ्यातला गुंता सोडवत उकिडवा बसलेला. केदारनाथ जिना चढून वर गेला, पण बसला नाही. कुणी बस म्हणालंही नाही.

"दादा, स्विचचं कारण सापडलं."

"म्हाईत हाय. बजरंग येऊन गेला काल." धुळाजीचे हात थांबले नव्हते. "हिथं बसून रडला बिचारा. मी म्हणलं, बाबा, तू कावून रडतो? तू तर बाईचं रान राखायला गेलतास."

"मी चुकलो, दादा."

"बजरंग चुकला. त्याला म्हाईत नव्हतं काय होईल ते." धुळाजीनं गुंत्यातून एक टोक ओढून काढलं. "तुला कुठं काय म्हाईत होतं? तरी तू बोललास. ह्या दोन गोष्टी एक न्हाईत."

खाली रस्त्यावरून उसाची रिकामी बैलगाडी गेली, चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"काय करू म्हणता?"

"मी काय सांगू. तुला समजत न्हाई का? चौघांत बोललास, चौघांत मिटव. माझ्या गच्चीवर येऊन कानात सांगून काय उपेग?"

केदारनाथनं मान हलवली. जिना उतरताना त्याला वाटलं, धुळाजी मागून काहीतरी बोलेल. वरून फक्त केबल ओढल्याचा आवाज येत होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी केदारनाथ राधाकिशनच्या हॉटेलात गेला. गर्दी होती. बाकड्यावर त्या दिवशीचे दोघेच होते, बाकी नवी माणसं. त्यानं चहा सांगितला नाही. राधाकिशनच्या भट्टीजवळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागं मी हिथं धुळाजीदादांना बोललो होतो. माझा स्विच त्यांनी जाळला म्हणून. ते खोटं होतं. स्विच आमच्याच अर्थिंगच्या गोंधळानं जळत होता. दादांचा त्यात काडीचा संबंध न्हाई."

बजरंगचं नाव त्यानं घेतलं नाही.

एकानं विचारलं, "कोणता स्विच?" दुसऱ्यानं त्याला हलक्या आवाजात सांगितलं. तिसरा म्हणाला की मला तेव्हाच वाटलं होतं, धुळाजी तसला माणूस न्हाई. कोपऱ्यातल्या दोघांनी आपलं सोयाबीनच्या भावाचं बोलणं पुढं चालू केलं. राधाकिशननं एक कप भरून केदारनाथसमोर ठेवला. केदारनाथनं तो उभ्यानंच घेतला. जीभ भाजली. एवढ्याशा गोष्टीसाठी आठवडाभर झोप लागली नव्हती याचं त्याला नवल वाटलं, आणि ती गोष्ट एवढीशी नव्हती हेही त्याला त्याच वेळी कळत होतं.

धुळाजी त्या दिवशी बाजारात आलाच नव्हता. पण त्याच्या कानावर गेलं असणार, कारण पुढच्या आठवड्यात वडगावच्या रस्त्यावर समोरून जीप आली तेव्हा त्यानं हात वर केला. गाडी मात्र थांबवली नाही.

धुळाजीकडं गेलेली गिऱ्हाइकं तिकडंच राहिली. केदारनाथनं त्यांना परत बोलावलं नाही. बजरंग कामावर तसाच येत राहिला, फक्त आता कुठल्याही टॉवरवर गेला की पेटी उघडण्याआधी पायाशी वाकून पट्टी बघायचा, आणि कुणी शेतकऱ्यानं काही जोडून मागितलं की आधी केदारनाथला फोन लावायचा. तुळजाबाईनं भुईमूग काढला. उकरलेला पट्टा सोडून बाकीचं बरं निघालं असं ती म्हणाली. सायलीशी तिचं बोलणं रोज संध्याकाळी सुरू होतं.

पावसाळा लागल्यावर वडगावात एका संध्याकाळी वीज पडली. धुळाजीच्या खांबावरचं सामान गेलं. रात्री त्याचा माणूस केदारनाथच्या दुकानात आला. दादांनी विचारलंय, म्हणाला, एखादा स्विच पडून आहे का, नवा येईपर्यंत. केदारनाथनं कपाटातून नवाकोरा काढला आणि खोक्यासकट त्याच्या हातात दिला. धुळाजीला फोन करावा का, असा विचार त्याच्या मनात आला. त्यानं केला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी काळी-पिवळीच्या ड्रायव्हरनं दुकानासमोर गाडी थांबवून एक पिशवी आत दिली. आत तो स्विच होता, पुसून, खोक्यात घालून, वर सुतळी बांधलेली. चिठ्ठी नव्हती, निरोपही नव्हता.

"काय म्हणले दादा?" ईश्वरीनं ड्रायव्हरला विचारलं.

"काय न्हाई. नीट पोचव म्हणले, पाण्यापासून जप," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी पुढं गेली. केदारनाथनं सुतळी सोडली, स्विच कपाटात ठेवला आणि दुपारच्या कामाला निघाला.